गॅझेटिअरकाराचे घर : जेम्स कॅम्पबेल यांच्या लेखनातील ठाणे जिल्हा आणि स्कॉटलंड

प्रस्तावना

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याणनंतरचे पहिले स्थानक शहाड. उल्हास नदीच्या काठचे हे गाव आज रेयॉनचा कारखाना, बिर्ला मंदिर म्हणून ओळखले जाणारे विठ्ठलमंदिर आणि माळशेज घाटाकडे जाणारा मुरबाड रस्ता यांमुळे परिचित आहे. या परिसरातील महाविद्यालयांत स्थानिक इतिहासाचा एखादा प्रकल्प हाती घेतला गेला, की त्याचे पहिले प्रकरण बहुधा एकाच ग्रंथावर उभे राहते. तो ग्रंथ म्हणजे १८८२ साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर. 'गॅझेटिअरमध्ये असे म्हटले आहे की' या शब्दांनी सुरू होणारे वाक्य सहसा तपासले जात नाही. ते कोणी लिहिले, कोणाच्या सांगण्यावरून लिहिले आणि लिहिणाऱ्याच्या मनात कोणते गाव होते, हे प्रश्न तेथे उपस्थित होत नाहीत.

ठाण्याच्या या खंडांचे संपादक जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल हे स्कॉटिश होते. परदेशात राहणाऱ्या, आपल्या देशाचा वारसा बरोबर घेऊन आलेल्या आणि यजमान देशाचे दैनंदिन जीवन टिपणाऱ्या एका माणसाचे लेखन म्हणून गॅझेटिअरचे वाचन मराठीत फारसे झालेले नाही. ते सरकारी दप्तर आहे, साहित्य नव्हे, ही समजूत त्याला कारणीभूत असावी. प्रस्तुत लेखात ठाण्याचे खंड आणि कॅम्पबेल यांचे दुसरे, तुलनेने दुर्लक्षित लेखन यांचा एकत्र विचार केला आहे. ज्या लेखनात कॅम्पबेल यांनी स्वतःचा देश बाहेर ठेवला, तेथे ठाण्यातील माणूस वस्तू होऊन बसला. आणि ज्या लेखनात त्यांनी स्कॉटलंडलाही निरीक्षणाचा विषय केले, तेथे सिद्धान्त लंगडा असूनही दोन्ही देशांची माणसे एका पातळीवर आली, असे या वाचनातून दिसते.

परदेशस्थ स्कॉटिश लेखकांची परंपरा

मुंबई इलाख्याच्या घडणीत स्कॉटिश माणसांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठा आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम, मराठ्यांचा इतिहास लिहिणारे जेम्स ग्रँट डफ, १८२९ साली मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन, 'इंडियन अँटिक्वेरी' हे नियतकालिक १८७२ साली सुरू करणारे जेम्स बर्जेस ही सर्व नावे स्कॉटलंडची आहेत. मराठी वाचक त्यांना सरसकट 'इंग्रज' म्हणतो, आणि व्यवहारात त्यात काही बिघडत नाही. परंतु वाङ्मयीन विचार करताना हा भेद पुसून चालत नाही. स्कॉटलंडचे स्वतःचे राज्य १७०७ साली इंग्लंडशी जोडले गेले होते. आपल्या चालीरीती, भाषा, गाणी आणि पडके किल्ले आता 'वारसा' या सदरात जमा होत आहेत, ही जाणीव तेथील सुशिक्षितांना भारतात येण्यापूर्वीच झालेली होती. हरवत चाललेल्या गोष्टींची यादी करण्याची सवय ते घरून घेऊन आले होते.

या स्थलांतरितांनी आपल्या दैनंदिन जीवनाविषयीही लिहिले. मिशनरी जॉन मरे मिचेल यांच्या पत्नीने पत्रे आणि रोजनिशी यांच्या आधारे भारतातील जीवन व प्रवास यांची चित्रे १८७६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. स्वतः मिचेल यांच्या पश्चिम भारतातील आठवणी १८९९ साली निघाल्या. जेम्स डग्लस यांचे मुंबई व पश्चिम भारताविषयीचे दोन खंड १८९३ चे. अशा लेखनात लेखक समोर असतो. तो कोठून आला, कोणत्या वाटेने गेला, कोणाला भेटला हे वाचकाला कळते. त्यामुळे त्याच्या मताला किती वजन द्यायचे हेही ठरवता येते. त्याच्या पूर्वग्रहांसकट तो उघडा असतो. गॅझेटिअरची अडचण नेमकी येथे आहे. त्यात लेखक नाही.

कॅम्पबेल यांचा जन्म १८४६ साली ग्लासगोजवळील पार्टिक येथे झाला. त्यांचे वडील जॉन मॅक्लाउड कॅम्पबेल हे स्कॉटलंडमधील नामवंत धर्मचिंतक. ख्रिस्ताचे बलिदान निवडक लोकांसाठी नसून सर्व मानवांसाठी आहे, असे प्रतिपादन केल्याबद्दल १८३१ साली स्कॉटिश चर्चच्या महासभेने त्यांना धर्मोपदेशकाच्या पदावरून दूर केले होते. मुलाचे शिक्षण ग्लासगो विद्यापीठात झाले आणि १८६९ साली तो मुलकी सेवेतून मुंबई इलाख्यात आला. गॅझेटिअरचे काम त्याच्याकडे सोपवले गेले तेव्हा त्याचे वय तिशीच्याही आत होते. पुढील सुमारे दहा वर्षांत सत्तावीस खंडांच्या त्या अवाढव्य प्रकल्पाचा मोठा भाग उभा राहिला. ठाण्याचे वर्णन तेराव्या खंडाच्या दोन भागांत आणि चौदाव्या खंडात आहे. त्या काळचा ठाणे जिल्हा आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. २०१४ साली वेगळा झालेला पालघर जिल्हा तर त्यात होताच, शिवाय पनवेल आणि कर्जतही होते.

पॅरिशचा वृत्तान्त आणि जिल्ह्याचे गॅझेटिअर

गॅझेटिअरच्या पद्धतीचे मूळ शोधताना सामान्यतः ब्रिटिश प्रशासनाच्या गरजांकडे बोट दाखवले जाते, आणि ते बरोबरच आहे. महसूल, बंदोबस्त, दुष्काळ यांसाठी माहिती हवी होती. पण माहिती कोणत्या साच्यात गोळा करायची, हे केवळ गरजेने ठरत नाही. १७९१ ते १७९९ या काळात सर जॉन सिंक्लेअर यांनी स्कॉटलंडचा 'सांख्यिकीय वृत्तान्त' एकवीस खंडांत प्रसिद्ध केला. चर्चच्या अखत्यारीतील प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका धर्मोपदेशकाकडे सोपवलेल्या गावांच्या समूहाच्या, उपदेशकाकडे त्यांनी १६० हून अधिक प्रश्नांची यादी पाठवली. जमीन कशी आहे, लोक काय खातात, मजुरी किती, रोग कोणते, शाळेत किती मुले, जुने अवशेष कोणते, लोकांचा स्वभाव कसा, अशा प्रश्नांची उत्तरे नऊशेहून अधिक पॅरिशांतून आली. 'स्टॅटिस्टिक्स' हा शब्द इंग्रजीत रूढ करण्याचे श्रेय सिंक्लेअर यांनाच दिले जाते.

भारतातील गॅझेटिअर-योजनेचे सूत्रधार विल्यम विल्सन हंटर हेही ग्लासगोचे आणि ग्लासगो विद्यापीठाचे. १८७५ ते १८७७ या काळात निघालेल्या त्यांच्या बंगालविषयक वीस खंडांना त्यांनी 'सांख्यिकीय वृत्तान्त' असेच नाव दिले. मुंबईचे गॅझेटिअर याच योजनेतले. प्रश्नावली धाडणे, स्थानिक अधिकाऱ्यांकडून उत्तरे मागवणे, ती ठरावीक शीर्षकांखाली बसवणे, निसर्गापासून सुरुवात करून शेवटी प्रेक्षणीय स्थळांकडे येणे, हा सारा क्रम स्कॉटलंडमधील वाचकाला ओळखीचा वाटला असता. कॅम्पबेल तर धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेले. गावाचा वृत्तान्त लिहिणे हे कोणा सुशिक्षित माणसाचे कर्तव्य आहे, ही कल्पना त्या घरात परकी असण्याचे कारण नव्हते.

येथे एक फरक मात्र मूलगामी आहे. स्कॉटलंडच्या वृत्तान्तात उत्तर देणारा उपदेशक त्याच पॅरिशमध्ये राहत होता. ज्यांच्या स्वभावाविषयी तो लिहीत होता त्यांच्यासमोर त्याला दर रविवारी उभे राहायचे होते. त्याचे लेखन त्याच्या पॅरिशच्या नावाने, बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या नावासह छापले गेले. त्यामुळे त्या एकवीस खंडांत शेकडो आवाज आहेत. कोणी तक्रारखोर, कोणी अभिमानी, कोणी जमीनदारांवर घसरणारे. ठाण्यात पद्धत तीच आली, पण ही अट गळून पडली. माहिती मामलेदारांनी, कारकुनांनी, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी, वैद्यांनी आणि शिक्षकांनी दिली. तिचे इंग्रजी झाले, काटछाट झाली, आणि अखेरीस सर्व पाने एकाच सुरात बोलू लागली. शीर्षकपृष्ठावर 'सरकारी आज्ञेवरून' एवढेच.

कॅम्पबेल यांच्या वैयक्तिक प्रामाणिकपणाविषयी येथे शंका घेण्याचे कारण नाही. साहाय्यकांचे ऋण ते तळटीपांत आणि प्रस्तावनांत मान्य करतात. १८८४ च्या सरकारी ठरावात त्यांचा आणि त्यांच्या साहाय्यकांचा गौरव झाला आणि १९०२ साली तो ठराव पहिल्या खंडाच्या आरंभी छापण्याचा आदेश निघाला. पण १८८२ च्या ठाणे खंडात ते पान असणे शक्य नव्हते. शिवाय ऋणनिर्देश निराळा आणि आवाज निराळा. कल्याण तालुक्यातील भातशेतीविषयी जो परिच्छेद आपण आज वाचतो, तो कोणा एका अव्वल कारकुनाने आपल्या मराठीत लिहिला असेल, तर त्या मराठीचा मागमूस छापील पानावर उरलेला नाही. मराठी गद्याच्या इतिहासाचे हे एक मोठे नुकसान आहे आणि त्याची दखल घेतली गेलेली नाही.

घर, भांडी आणि विशेषणे

दैनंदिन जीवनाचे चित्रण गॅझेटिअरच्या लोकसंख्याविषयक प्रकरणात येते. प्रत्येक जातीची नोंद एकाच ठरावीक क्रमाने चालते : संख्या किती, कोठे आढळतात, रंगरूप कसे, स्वभाव कसा, घर कुडाचे की विटांचे, छप्पर गवताचे की कौलांचे, भांडी मातीची की तांब्यापितळेची, आहार, पोशाख, जन्म-विवाह-मृत्यूचे विधी आणि त्यांना येणारा खर्च. मुलांना शाळेत पाठवतात की नाही आणि जात सुस्थितीत आहे की खालावत चालली आहे, या अर्थाच्या वाक्याने नोंद संपते.

या नोंदींचे गद्य चांगले आहे, हे मान्य करावे लागते. वाक्ये आखूड, शब्द साधे. पांडित्याचा सोस नाही. वस्तूंच्या बाबतीत ते आजही विश्वासार्ह वाटते. कोळ्याच्या किंवा कुणब्याच्या घरात कोणती भांडी होती हे सांगणारा दुसरा इतका सविस्तर स्रोत त्या काळात क्वचित सापडेल. बिघाड होतो तो विशेषणांपाशी. 'कष्टाळू', 'काटकसरी', 'मद्यप्रिय', 'आळशी' अशी विशेषणे त्याच वस्तुनिष्ठ सुरात, भांड्यांच्या यादीच्या शेजारी येतात. तांब्याचे भांडे आहे की नाही हे पाहून सांगता येते. अख्खी जात आळशी आहे हे पाहणारा कोण, हे कळत नाही. वाक्याची घडण मात्र दोन्ही ठिकाणी एकच असल्यामुळे वाचक दोन्ही विधाने सारख्याच विश्वासाने स्वीकारतो.

मद्याचे उदाहरण येथे पुरेसे बोलके आहे. लोकसंख्येच्या प्रकरणात मद्यपान हा जातीचा स्वभाव म्हणून येतो. त्याच ग्रंथाच्या महसुलाच्या प्रकरणात मद्य हे सरकारी उत्पन्नाचे साधन म्हणून येते. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडामाडाच्या झाडांवर आणि गाळपावर नवी बंधने आणली होती; गावात गाळली जाणारी ताडी-दारू मक्तेदाराच्या दुकानात जाऊ लागली होती. ही दोन प्रकरणे एकमेकांशी बोलत नाहीत. ज्या घरातल्या माणसाला एका पानावर व्यसनी ठरवले, त्याच्याच व्यसनाची जमा दुसऱ्या पानावर मांडली आहे, याची जाणीव ग्रंथरचनेत कोठेही दिसत नाही.

१८८२ हेच साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. गॅझेटिअर-योजनेचा सूत्रधार आणि या आयोगाचा अध्यक्ष हा एकच माणूस होता. शिवाय फुले यांचे शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालेले. स्कॉटलंडमधून आलेल्या दोन प्रथा, पॅरिशचा वृत्तान्त आणि मिशनची शाळा, एकाच वर्षी दोन अगदी भिन्न प्रकारचे लेखन घडवताना दिसतात. गॅझेटिअरमध्ये शेतकऱ्याविषयी कोणी तरी अनामिक बोलतो. फुले यांचे निवेदन प्रथमपुरुषी आहे. शिक्षणक्षेत्रातील आपला अनुभव काय, तो कोठला आणि किती, हे आधी सांगूनच ते पुढील मुद्द्यांकडे वळतात. त्याच सुमारास लिहिल्या गेलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातही शेतकऱ्याच्या घराचे, त्यातील सामानसुमानाचे तपशीलवार वर्णन आहे. वस्तूंची यादी तेथेही आहे. परंतु ती वाचताना ते दारिद्र्य कसे आले, कोणामुळे आले, हा प्रश्न वाचकाला टाळता येत नाही. गॅझेटिअरच्या यादीत दारिद्र्य हे हवामानासारखे असते. ते आहे, एवढेच.

प्रवास आणि अवशेष

मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला. १८५४ मध्ये तो कल्याणला आणि १८५५ मध्ये शहाडवरून पुढे वासिंदला पोहोचला. गॅझेटिअरच्या चौदाव्या खंडातील स्थळवर्णनांवर या लोहमार्गाची छाप आहे. अमुक स्थळ अमुक स्थानकापासून इतके मैल, अमुक दिशेला, अशी बहुतेक नोंदींची सुरुवात असते. सोय म्हणून ती योग्यच. पण ही येणाऱ्याची भूगोलरचना आहे, राहणाऱ्याची नव्हे. राहणाऱ्याचा भूगोल बाजाराच्या वाराने, नदीच्या उताराने, लेकीच्या सासरने ठरतो. ज्या गावात किल्ला नाही, लेणे नाही, जुने देऊळ किंवा बंदर नाही, ते गाव 'प्रेक्षणीय स्थळ' या कल्पनेत बसत नाही, मग तेथे कितीही माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असोत. शहाडसारख्या गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पंचाईत येथूनच सुरू होते.

याच्या उलट, अवशेषांच्या बाबतीत हे खंड आजही मोलाचे आहेत आणि त्याचे कारण एका भारतीय विद्वानाच्या श्रमांत आहे. शहाडपासून फार लांब नसलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचे उदाहरण घ्यावे. तेथील शिलालेखाचे वाचन प्रथम डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केले आणि काळ शके ७८२ ठरवला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुढे तो शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा दुरुस्त केला. मंदिर शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात पूर्ण झाले हे त्यावरून निश्चित झाले. एका अंकाच्या वाचनाने दोनशे वर्षांचा फरक पडला. भगवानलाल हे जुनागढचे, भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले. म्हणजे कोकणात तेही एका अर्थी बाहेरचेच. परंतु दगडावरील अक्षर वाचताना त्यांनी कोणाच्या स्वभावाविषयी मत दिले नाही. ठाणे खंडाच्या पुरातत्त्वविषयक भागाला त्यांच्या संशोधनाचा मोठा आधार आहे.

१८८२ सालीच सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन भगवानलाल यांनी केले. गावकरी त्या टेकाडाला 'बुरुड राजाचे कोट' म्हणत. विद्वानांनी त्याखालून बौद्ध अवशेष बाहेर काढले आणि बुरुड राजा दंतकथेत जमा झाला. हे अपरिहार्य होते. तरीही टोपल्या विणणाऱ्या जातीचा राजा कल्पून त्याच्या नावे कोट उभारणाऱ्या लोकांनी त्या टेकाडाशी काही नाते जोडले होते, शेकडो वर्षे ते जपले होते. हे नाते हाही वारशाचाच भाग आहे असे मानण्याची पद्धत तेव्हाच्या पुरातत्त्वात नव्हती. अंबरनाथलाही तसेच. महाशिवरात्रीला तेथे लोटणारी गर्दी ही शिल्पवर्णनाच्या मागे पडणारी बाब ठरते. स्थापत्याच्या दृष्टीने मंदिर अकराव्या शतकात पूर्ण होते. भाविकांच्या दृष्टीने ते दर वर्षी चालू असते.

भुतांची टिपणे

गॅझेटिअरच्या कामातून उरलेल्या साहित्यावर कॅम्पबेल यांनी १८८५ साली एक निराळाच ग्रंथ छापला. श्रद्धा आणि चालीरीती यांच्या मुळाशी असलेल्या भूतकल्पनेविषयीची ही टिपणे. 'कच्चा मसुदा' असेच त्याला त्यांनी म्हटले. पुढे १८९४ पासून ही टिपणे 'इंडियन अँटिक्वेरी'त क्रमशः येत राहिली. त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा : रोग आणि संकटे मृतांच्या पिशाचांमुळे येतात अशी आदिम समजूत होती, बहुतेक सर्व धार्मिक विधी आणि शिष्टाचार हे मुळात भुते पळवण्याचे उपाय होते. मग लोखंड, मीठ, हळद, लिंबू, अग्नी, पाणी, रंग, फुले अशा एकेका वस्तूखाली उदाहरणांचे ढीग रचले जातात.

सिद्धान्त म्हणून हे टिकण्यासारखे नाही. एकाच किल्लीने सगळी कुलपे उघडण्याचा हा प्रयत्न आहे आणि त्या शतकातील मानववंशशास्त्राचा तो सार्वत्रिक दोष होता. हळदीकुंकवाचे सामाजिक अर्थ, त्यातील नातेसंबंध, सौंदर्यभावना, मानपान, यांपैकी काहीच या चौकटीत मावत नाही. पुनरुक्ती तर कंटाळा यावा इतकी.

आणि तरीही गॅझेटिअरनंतर ही टिपणे वाचताना हवा बदलल्यासारखी वाटते. कारण येथे कॅम्पबेल यांचा स्वतःचा देश हजर आहे. कोकणातील चालीच्या शेजारी स्कॉटलंडमधील चाल येते; दक्षिणेतील एखाद्या जातीच्या प्रथेला लागूनच स्कॉटिश खेड्यातील लग्नाची, बाळंतिणीची किंवा अंत्यविधीची प्रथा येते. त्यांच्या आजीने ज्या गोष्टी केल्या असतील त्या, आणि कल्याण तालुक्यातील कुणबिणीने केलेल्या गोष्टी, एकाच शीर्षकाखाली नोंदल्या जातात. येथे कोणी 'मद्यप्रिय' नाही, कोणी 'खालावत चाललेले' नाही. भीती सगळ्यांना आहे आणि तिच्यावरचे उपायही सगळीकडे सारखेच. ज्याच्या वडिलांना 'बलिदान सर्वांसाठी' म्हटल्याबद्दल पद सोडावे लागले, त्या मुलाने 'भुते सर्वांची' म्हणावे, यात एक विलक्षण सातत्य दिसते. अर्थात त्यावर फार भार देऊ नये.

समीक्षेच्या दृष्टीने मुद्दा असा, की तुलनेत स्वतःला घातल्याबरोबर लेखकाचा स्वर बदलला. परदेशात राहणाऱ्या माणसाला आपले घर आठवणे हा केवळ हळवेपणा नसतो. निरीक्षणाला लागणारा तो दुसरा बिंदू असतो. गॅझेटिअरच्या सरकारी साच्याने तो बिंदू काढून टाकला. उरला तो फक्त पाहणारा डोळा, ज्याला स्वतःचे गाव नाही आणि म्हणून ज्याच्याशी वादही घालता येत नाही. या उलट टिपणांतील कॅम्पबेल यांच्याशी पानोपानी भांडता येते.

दोन स्कॉटिश, एक रोग

१८९७ साली मुंबईतील प्लेग समितीचे अध्यक्षपद कॅम्पबेल यांच्याकडे आले. जुलै १८९७ ते एप्रिल १८९८ या काळातील समितीच्या कामाचा अहवाल त्यांच्या नावे आहे. घरोघरची तपासणी, रुग्णांचे विलगीकरण, घरांची सक्तीची सफाई हे उपाय त्या काळात राबवले गेले आणि मार्च १८९८ मध्ये मुंबईत या तपासणीविरुद्ध दंगल उसळली. ज्यांच्या घरांतील भांड्यांची यादी एकेकाळी कागदावर केली होती, त्यांच्या घरांत आता प्रत्यक्ष शिरावे लागत होते. रोग पिशाचांमुळे होतो असे मानणाऱ्या समाजांवर शेकडो पाने लिहिणाऱ्या विद्वानाला, रोगाच्या भीतीपेक्षा परक्या माणसाच्या प्रवेशाची भीती मोठी कशी ठरते, हे या महिन्यांत उमगले असेल तर त्याचे प्रतिबिंब सरकारी गद्यात उतरणे कठीण होते. त्याच वर्षी प्रकृती खालावल्याने त्यांनी भारत सोडला. १९०३ साली स्कॉटलंडमधील रोझनीथ येथे त्यांचे निधन झाले. वडिलांचीही अखेरची वर्षे तेथेच गेली होती.

वीस वर्षांनी दुसरा एक स्कॉटिश माणूस याच रोगाला निराळ्या वाटेने सामोरा गेला. पॅट्रिक गेडिस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते, गो. स. घुर्ये त्यांच्या व्याख्यानांतून पुढे आले. त्यापूर्वी होळकरांच्या इंदूरमध्ये नगररचनेचे काम करताना त्यांनी प्लेग आणि घाण यांच्या प्रतिमा दिवाळीच्या मिरवणुकीत आणल्या आणि ज्या वस्त्यांनी आपले रस्ते सर्वांत स्वच्छ केले त्यांतून ती मिरवणूक नेली. जुन्या वस्त्या पाडून टाकण्यास त्यांचा विरोध होता. आधी गल्लीबोळांतून चालावे, घरे पाहावी, लोकांशी बोलावे, मग जरुरीपुरतीच काटछाट करावी, हा त्यांचा आग्रह. 'आधी पाहणी, मग आराखडा' हे त्यांचे सूत्रही सिंक्लेअर यांच्याच परंपरेतले. पण त्यात पाहणाऱ्याला रस्त्यावर उतरावे लागत होते. गेडिस यांच्यावर भाबडेपणाचा आरोप होऊ शकतो आणि त्यांच्या योजनांपैकी बऱ्याचशा कागदावरच राहिल्या. तरी एडिंबरोच्या जुन्या वस्तीत राहून केलेला अनुभव त्यांनी इंदूरला नेला, तो लपवला नाही.

शहाडच्या दिशेने

महाराष्ट्र शासनाने ठाणे जिल्ह्याचे सुधारित गॅझेटिअर १९८२ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, प्रसिद्ध केले. मधल्या काळात उल्हासच्या काठचे जग उलटेपालटे झाले होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर त्या छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहाडला आणि पलीकडे मोहोन्याला रेयॉनचे कारखाने आले. घाटावरून आणि कोकणातून कामगार आले, चाळी उठल्या. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. आज शहाड दोन महानगरपालिकांच्या सीमेवर वसलेले आहे.

नव्या गॅझेटिअरचा लेखकवर्ग भारतीय होता, जातींना चिकटवलेली विशेषणे मागे पडली, उद्योग आणि नियोजन यांना जागा मिळाली. साचा मात्र जुनाच राहिला : निसर्ग, इतिहास, लोक, शेती, उद्योग, आणि शेवटी स्थळे. निवेदकही तोच, गाव नसलेला. म्हणून शहाड-कल्याण परिसराचा इतिहास लिहिताना १८८२ च्या खंडातील वस्तू घ्याव्यात, शिलालेखांचे वाचन घ्यावे, दर आणि मजुरीचे आकडे घ्यावेत. स्वभाववर्णने उद्धृत करायचीच असतील तर ती जातीविषयीची माहिती म्हणून नव्हे, तर एकोणिसाव्या शतकातील कचेरीविषयीची माहिती म्हणून करावीत. कॅम्पबेल यांच्याकडे जी दुसरी बाजू टिपणांत सापडते, ती येथील संशोधकाला स्वतःच पुरवावी लागेल. भातशेती सोडून पाळीवर जाऊ लागलेला आगरी तरुण, छावणीच्या बराकीत संसार मांडलेले सिंधी कुटुंब, रेयॉनच्या कारखान्यासाठी घाटावरून आलेला कामगार यांच्याविषयी कोणत्याही खंडात प्रथमपुरुषी ओळ नाही. ती साक्ष ज्या पिढीकडे आहे, ती आज ऐंशीच्या घरात आहे.